मागं ओतलेलं पाणी

ठरलं का तुमचं? नाही ना? जेवणं झाली, कोळसे विझत आले, तरी तुमचं गुऱ्हाळ चालूच. कुणाची गाडी न्यायची, पुढं कोण बसणार, ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीला समुद्राकाठी खोली घ्यायची की स्वस्तात गावात आत... नेमान्या, तो फोन खाली ठेव जरा. डोळ्यांवर उजेड पडला की अंधारातलं काही दिसत नाही, आणि मी सांगणार आहे ते सगळं अंधारातलंच आहे.

मघापासून माझ्या मागं लागलाय, आजोबा तुम्हीपण चला. यागोदा तर म्हणाली, आजोबा अस्सल पिरोतचे, चपला झिजतील म्हणून उंबरा ओलांडत नाहीत. म्हण बापडी. पिरोतच्या माणसाला चिक्कू म्हणून जगानं हसायचं, आणि मग आमच्याकडूनच उसनं न्यायचं, हे चालत आलंय. पण मी येणार नाही. सुट्टीला जोडून रविवार आलाय, तुम्ही जा, मजा करा. एकानं घरी राहायला हवं. कोंबड्यांसाठी नाही रे, कोंबड्या शेजारीण बघेल. तुमची गाडी निघाली की फाटकात उभं राहून तुमच्या मागं पाणी कोण ओतणार?

हसा. स्तानिशापण हसायचा.

वरच्या आळीचं शेवटचं घर माहितीये ना, उतारावरचं, दगडी खांबांचं फाटक असलेलं? तो स्तानिशा. त्याचा बाप आणि मी एका वर्गातले. बाप लवकर गेला, म्हणून मला काका म्हणून लहानसहान गोष्ट विचारायला यायचा. टायरच्या कारखान्यात पाळ्या करायचा, उरल्या वेळात मेंढरं आणि बाग. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. कुठलीही गोष्ट एका दमात ठरवायची नाही. हे सगळं त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आणि त्यातलं शेवटचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. त्यात माझा मीठमसाला चिमूटभरही नाही.

त्याची आई दारिंका. तुमच्यातल्या थोरल्यांना आठवत असेल, ठेंगणी, जाड भिंगांचा चष्मा. आमच्याकडे घरातलं कुणी प्रवासाला निघालं की मागं पाणी ओततात, पण दारिंका परक्यांच्याही मागं ओतायची. पोस्टमन निघाला, ओत पाणी. व्याही निघाले, ओत पाणी. पोर परीक्षेला निघालं, सैन्यात निघालं, जर्मनीला निघालं, ही आपली फाटकात उभी. एक निळा इनॅमलचा जग होता तिचा, तोंडाशी टवका उडालेला, आतला काळा पत्रा दिसायचा. पाणी ओतायची, म्हणायची, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये." आणि जग फाटकाच्या डाव्या खांबावर पालथा घालून आत जायची. आम्ही चिडवायचो, दारिंका, तुझ्यामुळं आमच्या आळीत चिखल वाळत नाही.

पण ती स्वतः कुठं गेली नाही कधी. पिरोतचा बाजार, आणि एकदा निशचं इस्पितळ. बेलग्रेड पाहिलं नव्हतं. एकच ध्यास होता तिला, तिथं किल्ल्याच्या भिंतीवर उभं राहायचं आणि सावा आणि डॅन्यूबचं पाणी कुठं मिळतं ते बघायचं. म्हणायची, "जन्मभर लोकांच्या मागं पाणी ओतलं. ते जातं कुठं एवढं तरी बघू दे की." आता आपल्या ओढ्याचं पाणी निशावा नदीत, निशावेचं मोरावात, आणि मोरावा डॅन्यूबला मिळते ती बेलग्रेडच्या बरीच खाली. हे तिला कुणी सांगायचं? मी एकदा सांगून बघितलं. म्हणाली, "तू शाळेत गेलास म्हणून पाणी तुझं ऐकतं होय?"

दर वर्षी एक मेच्या सुट्टीला त्यांचा बेलग्रेडचा बेत ठरायचा. ठरायचा म्हणजे, बोलाचीच कढी. एप्रिल लागला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा. स्तानिशा, त्याची बायको गोर्दाना, आणि त्यांची एकुलती एक कालिना. आणि दाराजवळच्या खुर्चीवर दारिंका. मांडीवर तिची चौकड्याची पिशवी भरून तयार. आत टॉवेल, सपाता, आलुबुखाराच्या मुरंब्याची बरणी, आणि गाठी मारून ठेवलेला काळा रेशमी रुमाल, शहरात डोक्याला बांधायला. बाकीचे भांडायचे, कुठल्या रस्त्यानं, किती वाजता, कुणाकडे उतरायचं. ती एकच वाक्य म्हणायची, "मी बसलेय. तुम्ही ठरवा."

आणि दर वर्षी घोडं कुठंतरी अडायचंच. एकदा मेंढ्या व्यायला टेकल्या. एकदा स्तानिशाची पाळी बदलली. एकदा गाडीच्या गिअरनं मान टाकली. कालिना रडायची. दारिंका तिला जवळ घेऊन म्हणायची, "रडू नको गं. पुढल्या वर्षी. आपण दोघी खिडकीशी बसू." आणि पिशवी उचलून माळ्यावर ठेवायची. भरलेलीच. मुरंबा तेवढा बदलायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत दारिंका गेली. झोपेत गेली, कुणाला त्रास दिला नाही.

आता इथं नीट ऐका.

मयत घराबाहेर निघालं की आपल्यात काय करतात? ज्या खुर्च्यांवर शवपेटी ठेवली त्या उलट्या करतात, आणि कुणीतरी मागच्या मागं मातीचं मडकं आपटून फोडतं. गेलेल्या माणसाला वाट उलटी सापडू नये म्हणून. शेजारची बाई मडकं घेऊन उभी होती. स्तानिशानं तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "माझी आई काय कुत्रं आहे, भांडी आपटून हाकलायला?" मडकं फळीवर ठेवून दिलं. खुर्च्याही कुणाला उलटू दिल्या नाहीत. पाद्रीबुवा दुसरीकडे बघायला लागले. सख्खी आई गेलेल्या माणसाशी कोण वाद घालणार.

पेटी फाटकाबाहेर पडली. तो मागं राहिला. नंतर मला म्हणाला, "काका, साऱ्या गावाच्या मागं पाणी ओतणारी बाई निघाली, आणि तिच्या मागं ओतायला कुणी नाही, हे बघवेना मला." निळा जग भरून आणला. आणि आईच्या मागं पाणी ओतलं. वर म्हणालासुद्धा... तीच सगळी ओळ. पाण्यासारखी जा. पाण्यासारखी परत ये.

मायेनं केलं पोरानं. मायेनंच माणूस हात दाखवून अवलक्षण करतो.

मग तो जग त्यानं बरोबर घेतला, आणि कबरीत पेटी उतरली तेव्हा वाकून तिच्या पायांशी ठेवला. पेटीचे दोर धरणाऱ्यांत मी होतो. टवका माझ्या बाजूला होता. त्यावर पहिली मूठ माती पडली तेव्हा पत्र्याचा आवाज झाला, तो अजून कानात आहे. हे लक्षात ठेवा.

मार्च गेला. चाळिसाव्याचं जेवण झालं. एप्रिल लागला, आणि कालिनानं विचारलं, "बाबा, या वर्षी जायचं ना? आजीला सांगितलेलं." सात वर्षांची पोर ती. गोर्दाना म्हणाली, "या वर्षी नाही गेलो तर मी एकटी पोरीला घेऊन जाईन. तुझ्या बैठका उरकेपर्यंत पोरगी म्हातारी होईल." गोर्दानाची जीभ कात्री आहे, पण खोटं बोलत नाही. स्तानिशाच्या मनाला ते लागलं. आईला नेता आलं नाही हे त्याला आतून खात होतंच. लेकीला दिलेला शब्द तरी पडायला नको होता.

तीस एप्रिल दोन हजार पंधरा. गुरुवार. आजच्यासारखीच एक मेची आदली रात्र, गावात शेकोट्या पेटलेल्या, पौर्णिमेला तीन-चार दिवस बाकी. दोन आठवडे पावसाचा थेंब नव्हता. संध्याकाळी स्तानिशा माझ्याकडे आला. "काका, एक काम होतं. पहाटे चारला निघतोय. तेवढं फाटकात येऊन पाणी ओताल? घरात मागं कुणी उरत नाही."

"या वेळी नक्की का रे?"

"नक्की."

"गेल्या वर्षीही नक्कीच होतं."

हसला. पण नीट हसला नाही. बसला नाही, राकियाचा, घरच्या दारूचा पेला पुढं केला तर उभ्यानंच घेतला. म्हणाला, "काय आहे कळत नाही, सकाळपासून एका जागी ठरत नाहीये. गॅस बंद केला का, टायरात हवा आहे का, सारखं उठबस. गोर्दानाचंही तेच. घरात आज कुणी बसतच नाही." आणि निघून गेला.

घरी गेला तर टेबलावर नकाशा. पुन्हा तीच चर्चा. गोर्दाना ब्रेड, काच्कावाल चीज आणि सॉसेज बांधत होती, कारण पिरोतचा माणूस बेलग्रेडला जाऊन विकतचं खाईल तर आकाश कोसळेल. स्तानिशा नकाशावर बोट फिरवत होता. कालिना टेबलाभोवती फेऱ्या मारत होती आणि कोण कुठं बसणार ते ठरवत होती.

"बाबा गाडी चालवणार. आई पुढं. मी मागं. आजीला मध्ये नको, मध्ये तिला मळमळतं."

गोर्दानाच्या हातातली सुरी थांबली. स्तानिशाचं बोट थांबलं.

"आजी कुठं गेली ते माहितीये ना तुला, बाळा?" त्यानं हळूच विचारलं.

"हो. आणि आली पण," कालिना म्हणाली. आणि फेऱ्या मारत राहिली.

पोरांच्या बोलण्याचं काय एवढं. गोर्दानानं तिला वर नेऊन झोपवलं. खाली आली तर स्तानिशा दाराकडे बघत उभा. दाराजवळच्या त्या खुर्चीच्या पायाशी चौकड्याची पिशवी.

"माळ्यावरून ही कशाला काढलीस?"

"मी? मला वाटलं तू काढलीस."

दोघंही म्हणाले, कालिनाच असेल. पण माळ्याची शिडी कालिनाला हलत नव्हती. हे दोघांनाही ठाऊक होतं. स्तानिशानं पिशवी वर नेऊन ठेवली, झडप लावली, कडी घातली. खाली आला. पुन्हा नकाशा. पुन्हा टायर, पुन्हा गॅस, पुन्हा मेंढरांचं दार. गोर्दाना बॅगा भरत होती आणि रिकाम्या करत होती. साऱ्या घराला नुसता चाळा लागल्यासारखं झालं होतं.

मध्यरात्रीच्या सुमारास गोर्दाना निजायला जाताना थबकली. पिशवी परत खुर्चीच्या पायाशी होती.

या वेळी तिनं उघडून पाहिली. धीराची बाई. टॉवेल होता. सपाता होत्या. मुरंब्याची बरणी होती.

काळा रुमाल नव्हता.

"पुरताना तो डोक्याला बांधला होतास का त्यांच्या?"

"नाही," स्तानिशा म्हणाला. "तो बेलग्रेडसाठी ठेवलेला."

गोर्दानानं पिशवीची चेन लावली. वर गेली आणि पोरीच्या शेजारी आडवी झाली. स्तानिशा एकटा खाली उरला. झोप येणं शक्यच नव्हतं. म्हणाला, जरा फाटक बघून येऊ. सकाळपासून चार वेळा बघून झालं होतं. तरी गेला.

चांदणं होतं. अंगणात धूळ, दोन आठवड्यांची. आणि त्या धुळीत एक ओली रेघ. हातभर रुंद. त्याला वाटलं, नळ गळतोय. नळ कोरडा होता. रेघ फाटकापासून सुरू झाली होती. आणि घराकडे आली होती.

तुम्ही ते घर पाहिलंय. फाटक खाली, घर वर. पाणी ओतलं तर घराकडून फाटकाकडे धावेल, रस्त्यावर पडेल. हे पाणी चढत होतं. त्याच्या डोळ्यांदेखत. सावकाश. धुळीत वाट काढत. दगडाशी थांबलं, वळसा घातला, पुन्हा वर. पायऱ्यांशी आलं.

पहिली पायरी ओली झाली.

दुसरी.

उंबरा.

तेव्हा त्याला आठवलं, या वाटेवर शेवटचं पाणी कुणाच्या मागं ओतलं होतं. आणि काय म्हणून ओतलं होतं.

तो धावत आत आला. दिवा लावायला हात वर केला, आणि लावला नाही. का, ते त्याला सांगता येईना. अंधारात टेबलाला धरून उभा राहिला. दाराजवळची खुर्ची करकरली. जुनी खुर्ची. बसणाऱ्यानं वजन या बाजूचं त्या बाजूला केलं की करकरायची. ओल्या लोकरीच्या कोटाचा वास आला. मेणबत्तीचा वास आला. रेशमाचं टोक हनुवटीखाली घट्ट ओढतात, तसा बारीक आवाज...

"आई?"

काही नाही.

"आई... तू गेलीस गं."

मग... जवळून, अगदी रोजच्या आवाजात, न रागावता...

"मी बसलेय. तुम्ही ठरवा."

मला हे सांगताना स्तानिशा रडला नाही. फक्त पेला टेबलावर ठेवताना दोनदा चुकला.

तेवढ्यात जिना वाजला. लहान पावलं. त्याला वाटलं, पोरगी तहानेनं उठली. पण कालिना कोट घालून आली होती. गुंड्या लावलेल्या, बूट घातलेले, डावा उजव्यात. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ दाराशी गेली आणि हात बाजूला पुढं केला. मोठ्या माणसाचं बोट धरायला करतात तसा.

"कुठं निघालीस?"

"बेलग्रेडला. आजी म्हणते, बाबांचं कधी ठरायचंच नाही. आपण दोघी पायी पुढं होऊ. नदीकाठानं."

आणि दार आपसूक उघडलं. खाली फाटक सताड उघडं होतं. आत्ता बंद करून आलेलं. त्याच्यापलीकडे रस्ता, रस्त्याच्या पलीकडे, खाली, निशावा.

त्यानं झेप घेऊन पोरीला धरलं. तिचा पुढं केलेला हात हातात घेतला. ओला होता. गार. बाकीची पोर अंथरुणातली ऊबदार, आणि तो एक हात तेवढा नदीतून काढल्यासारखा. त्यानं ओढलं. पोर येईना. रडत नव्हती, ओरडत नव्हती. फक्त येत नव्हती. तिला दुसऱ्या बाजूनंही धरलेलं होतं.

गोर्दाना जिन्यावर आली. तिला खुर्चीवर कुणी दिसलं नाही. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, पोरीचा हात पाहिला, उंबऱ्यावरचं पाणी पाहिलं. आणि फळीवरचं ते मडकं काढलं. तेच. फेब्रुवारीत न फोडलेलं. एका हातानं पोरीला धरलं आणि मडकं नवऱ्यापुढं केलं.

"फोड."

त्यानं मडकं घेतलं. वर उचललं. मला म्हणाला, "काका, हात वर गेला होता. माझी पोर जात होती. फोडायलाच हवं होतं. पण एवढ्या वर्षांत आईनं मागितलं काय? एक खिडकी. आणि मी तिला दर वर्षी काय सांगितलं? थांब. आता ते थांबणंही संपवून वर हाकलून देऊ?"

मडकं त्यानं टेबलावर ठेवलं. नकाशावर.

"आई," तो म्हणाला. "ठरलं."

त्यानं गाडीची किल्ली उचलली.

"ठरलं. आत्ता निघायचं. चौघांनी. तू खिडकीशी बस. पोरीला सोड, पायी नको. मी नेतो."

मग कालिनाचा हात सैल पडला, आणि ती बापाच्या अंगावर आली, आणि पहिल्यांदा रडली. झोपेतून उठवलेलं पोर रडतं तसं, किरकिर करत. तो म्हणाला, त्या रडण्याएवढं गोड जन्मात काही ऐकलं नाही.

गोर्दाना म्हणाली, "आत्ता? दीड वाजलाय."

"आत्ता. ठरवत बसलो तर पुन्हा राहील."

बॅगा ठेवल्या. चौकड्याची पिशवीही ठेवली, गाडीत मागं डावीकडे, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या खिडकीशी. ते दार स्तानिशानं उघडलं, थोडा वेळ धरलं, हळूच लावलं. कालिनाला पलीकडच्या खिडकीशी बसवलं. आता मधली जागा उरली. गोर्दाना क्षणभर उभी राहिली. मग बाह्या सरसावून भांडायला निघावी तशी आत शिरली, आणि म्हणाली, "जन्मभर आमच्या दोघांच्या मध्ये त्या बसल्या. आज मी बसते."

पोरीच्या आणि त्या जागेच्या मधोमध बसली. दोन्ही हात पोरीभोवती. बाई म्हणावी तर अशी.

गाडी उतारावरून फाटकातून बाहेर आली. स्तानिशानं उतरून फाटक लावलं. मला उठवायचं भानच राहिलं नाही त्याला. निघाले.

सारा रस्ता तो बोलत होता. मागं न बघता. "आई, हे बेला पालांका आलं. आई, हे निश, तुझं इस्पितळ त्या बाजूला राहिलं. आई, ही मोरावा." कालिना आईच्या मांडीवर झोपून गेली होती. गोर्दाना गप्प होती. ती एवढा वेळ कधी गप्प राहिली नव्हती, पण त्याला वाटलं, भीतीनं.

उजाडता उजाडता बेलग्रेडला पोचले. रस्ते रिकामे, सुट्टीची पहाट. किल्ल्याजवळ गाडी लावली. झाडांतून खाली दोन्ही नद्या दिसत होत्या, दोन रंगांचं पाणी. स्तानिशानं उतरून मागचं दार उघडलं, आणि म्हाताऱ्या माणसाला उतरवायला देतात तसा हात दिला.

"ये, आई. पोचलो."

हात तसाच राहिला.

सीट कोरडी होती. पिशवी होती. बाकी काही नव्हतं. ना वास, ना गारवा.

तेव्हा गोर्दाना बोलली. "स्तानिशा. त्या आल्याच नाहीत. अंगणात बसल्या, माझा डावा खांदा गोठला होता. तू फाटक लावायला उतरलास ना... तेव्हा उतरल्या. मला कळलं. तू एवढ्या मायेनं बोलत होतास, तुला सांगवेना."

तो किल्ल्याच्या भिंतीपाशी गेला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला वाटलं, आई रुसली. एवढं करून रुसली. वेळच्या वेळी नेलं नाही, आता कशाला येईल.

आता माझं ऐका. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितल्याप्रमाणे पहाटे चारला बादली भरून, टॉर्च घेऊन वर गेलो. चंद्र मावळायला आलेला. घर बंद, गाडी नाही. म्हटलं, शहाणा लवकर गेला, एकदाचं ठरलं. बादली परत न्यावी, तर टॉर्चच्या उजेडात जमीन चमकली.

पाणी ओतलेलं होतं. भरपूर. फाटकाच्या आतून सुरू झालेलं, उतारानं सरळ खाली, फाटकाखालून बाहेर, रस्त्यावर. पाणी वाहायला हवं तसंच वाहिलेलं. धुळीत टायरांचे ठसे होते. पाणी ठशांच्या वरून गेलं होतं. म्हणजे गाडी निघाल्यानंतर ओतलेलं.

मी टॉर्च वर केला.

डाव्या खांबावर निळा जग पालथा घातलेला होता. कडेवरून थेंब पडत होते. टवका माझ्या बाजूला होता.

बादली तिथंच टाकून आलो मी. खोटं कशाला बोलू.

रविवारी ते परत आले. सुखरूप, पोरगी तोंडाला आइस्क्रीम फासून. मी स्तानिशाला फाटकाशी नेलं आणि खांब दाखवला. त्यानं बघितलं. टवक्यावरून बोट फिरवलं. म्हणाला, "रुसली नव्हती, काका." एवढंच. मग म्हणाला, "घरात मागं कुणी नव्हतं ना."

पाद्रीबुवांना घेऊन कबरीवर गेलो. कबर जशीच्या तशी. वर गवत आलेलं, मातीला कुणी हात लावलेला नाही.

तेव्हापासून घरात खुर्ची करकरली नाही. कालिना आता बेलग्रेडलाच शिकते, सुट्टीला येते, सुट्टी संपली की जाते. दारिंका मात्र गेली नाही ती नाहीच, बेलग्रेडला. जिवंतपणी कुणी नेलं नाही म्हणून, आणि नंतर... नंतर दारात गाडी उभी होती, खिडकी मिळाली होती, तरी.

तर जा तुम्ही. मी पहाटे फाटकात असेन. यागोदा, तुझ्या मागं जरा जास्त ओतीन, तू जीभ फार चालवतेस.

आणि जाताना वरच्या आळीनं जा. जग अजून त्याच खांबावर आहे, पालथा, स्तानिशा कुणाला हलवू देत नाही. गाडी थांबवून जरा उचलून बघा. पाऊस नसो, दव नसो, दुपारचं ऊन असो आणि दगड भाजत असो... त्याच्याखालचं वर्तुळ ओलं असतं.